बोटापासून चाकापर्यंत

पुढच्या ब्रेकची रबरी नळी काढून स्टीलच्या जाळीची नळी बसवली की ब्रेक ‘दुप्पट’ होतो, असं सांगणारा एक तरी मित्र मोटरसायकलवाल्या प्रत्येकाला असतो. तो खोटं बोलत नसतो. त्याने लिव्हर दाबलेली असते, गाडी पूर्वीपेक्षा शहाण्यासारखी थांबलेली असते. शिवाय स्वतः हात काळे करून केलेल्या कामाचं कौतुक वाटतं, ते वेगळंच. पण नळी जोर तयार करत नाही. जोर बोटांचा असतो, तो लिव्हर आणि पिस्टन मिळून वाढवतात, आणि शेवटी रस्त्यावर गाडी धरतो तो टायर. नळीने दाब वरून खाली न्यायचा, बस्स.

तरीही मी माझ्या गाडीची नळी बदलली, आणि बदलल्यापासून पुढच्या ब्रेकवर बोटं ठेवताना मला जे वाटतं ते आधी वाटत नव्हतं. ब्रेक वाढलेला नसताना हा फरक आला कुठून, हे मला नीट समजून घ्यायचं होतं.

सुरुवात हिशेबापासून करू. ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवलंय की कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. हँडलवरच्या मास्टर सिलिंडरमधला, म्हणजे लिव्हर ज्यातलं ऑइल दाबते त्या नळकांड्यातला, पिस्टन १२.७ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि खाली कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाची डिस्क पॅडच्या चिमटीत धरणाऱ्या भागात, २७ मिलिमीटरचे दोन पिस्टन आहेत असं धरा. खालचं क्षेत्रफळ वरच्याच्या नऊपट भरतं. लिव्हर स्वतः त्याआधी जोर साधारण पाचपट करते. म्हणजे बोटांनी दहा किलोचा जोर लावला, तर कॅलिपरचे पिस्टन पॅडवर साडेचारशे किलोने रेटतात, आणि त्या वेळी नळीच्या आत बाहेरच्या हवेच्या जवळजवळ ४० पट दाब असतो. दोन बोटांच्या कामासाठी हे बरंच म्हणायचं. १९६९ साली होंडाने सीबी ७५० काढली, तिच्या पुढच्या चाकाला हायड्रॉलिक डिस्क होती. मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीवर तेव्हा हे अप्रूप होतं. त्याआधी बहुतेकांच्या हाताखाली केबल आणि ड्रम असायचा. केबल ताणायची, ड्रम तापायचा, आणि जोराने थांबायचं तर मूठ आवळावी लागायची.

पण जोर पंचेचाळीसपट मिळतो तेव्हा अंतर तितकंच जास्त मोजावं लागतं. पॅड डिस्ककडे मिलिमीटरचा दहावा हिस्सा सरकायला हवा असेल, तर लिव्हर साडेचार मिलिमीटर हलते. हाच हिशेब उलटाही लागतो. दाबाखाली नळी थोडीशी फुगली आणि पाव मिलिलिटर जास्तीचं ब्रेक ऑइल तिच्यात मावलं, तर वरचा पिस्टन दोन मिलिमीटर पुढे जातो आणि लिव्हर एक सेंटिमीटर. नळीचं ते फुगणं डोळ्याला दिसणारही नाही. बोटाला मात्र कळतं.

इथेच माझ्या मित्राचा ‘दुप्पट’ निकालात निघतो. नळी फुगली म्हणून दाब कमी होत नाही. लिव्हर ग्रिपला टेकेपर्यंत जोर लावायला जागा आहे तोवर फुगणाऱ्या नळीतूनही पॅडवर तेवढाच जोर पोचतो. वाया जातो तो लिव्हरचा प्रवास. मग त्याला जाणवलेला फरक आला कुठून? बराचसा नव्या ऑइलमधून आणि निघालेल्या हवेमधून, असं माझं स्पष्ट मत आहे. नळी बदलायची तर सगळं जुनं ऑइल जातं, ताजं येतं, कॅलिपर उघडून पुसला जातो, सरकत्या पिनांना ग्रीस लागतं. हे सगळं जुन्या रबरी नळीवरच केलं असतं तरी ब्रेक सुधारलाच असता. पण श्रेय चकचकीत जाळीला मिळतं, कारण ती दिसते.

उरलेला फरक मात्र नळीचाच, आणि तो जोराचा नसून अंदाजाचा आहे. ब्रेक दाबताना बोटांना दोन गोष्टी एकदम कळत असतात: लिव्हर किती आत गेली आणि ती किती जोराने उलट रेटतेय. नळी ताठ असेल तर या दोन्हींची सांगड पक्की राहते. सुरुवातीचा रिकामा प्रवास संपला की पुढे लिव्हर फारशी हलतच नाही, फक्त जड होत जाते, आणि बोटं प्रवास विसरून जोरावर चालतात. फुगणाऱ्या नळीत दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. कोरड्या सरळ रस्त्यावर याने काही बिघडत नाही. ओल्या रस्त्यावर, टायर सुटायच्या अगदी अलीकडे, बोटाने थोडंसं सैल करायचं असतं तेव्हा बिघडतं. तिथे तुम्ही बोट सैल करता, आणि नळी आधी आपला फुगवटा उतरवते, मग खाली दाब कमी होतो. हा क्षण सेकंदाच्या छोट्या तुकड्याएवढा असेल. पण पुढचं चाक घसरलं की सावरायला मिळणारा वेळही तेवढाच असतो.

आता रबराबद्दल. मला रबरी नळीचा राग नाही. कंपनीतून येणारी नवी रबरी नळी उत्तम असते: आत ऑइल सोसणारं रबर, मध्ये विणलेल्या धाग्याचे थर, बाहेर ऊन-पाऊस झेलणारं दुसरं रबर. अमेरिकेच्या सुरक्षा मानकात तर नळीला यंत्रावर लावून ३५ तास सलग वळवत, हलवत ठेवण्याची चाचणी आहे, आणि तेवढ्यात ती फुटता कामा नये. प्रश्न नव्या नळीचा नाहीच. हँडल वळलं की ती वळते, पुढचा शॉकअप दबला की ती वाकते, इंजिनाची धग खाते, उन्हात उभी राहते. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ब्रेकची रबरी नळी चार वर्षांनी आणि ऑइल दोन वर्षांनी बदला असं छापलेलं असतं. ते पान वाचलेला माणूस मला क्वचित भेटतो. चेन सैल झाली तर वाजते, टायर झिजला तर दिसतो. नळी गुपचूप म्हातारी होते.

बाहेरून भेगा पडल्या तर नशीबच म्हणायचं, निदान दिसतात तरी. आतून होतं ते वाईट. आतलं रबर वर्षानुवर्षं ऑइलमध्ये राहून फुगतं, पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत बसेनासं होतं तसं, आणि मधला मार्ग अरुंद होत जातो. तुम्ही ब्रेक दाबता तेव्हा ४० पट दाबाखाली ऑइल वाट काढून खाली जातंच, त्यामुळे ब्रेक लागतो आणि तक्रारीला जागा राहत नाही. परत येताना मात्र त्याला ढकलायला कुणी नसतं. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटाचं रबरी सील दाबाने किंचित पिळलं जातं, आणि दाब गेला की पूर्वस्थितीत येताना पिस्टनला केसभर मागे घेतं. एवढ्याशा बळावर ऑइलला अरुंद नळीतून वर यायचं असतं. ते येत नाही. पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते, गाडी जड चालते, आणि कॅलिपर जाम झाला असं समजून कॅलिपर खोलला जातो.

खरं तर तपासायची रीत सोपी आहे. चाक अडकलेलं असताना आधी वरचा, मास्टर सिलिंडरकडचा बोल्ट फडकं धरून जरासा सैल करायचा. चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरच्या परतीच्या छिद्रात. ते सुईच्या टोकाएवढं असतं आणि गाळाने बुजतं. नाही सुटलं तर खाली कॅलिपरचं निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर सोडायची छोटी तोटी, उघडायचं. आता सुटलं तर नळी, तरीही नाही सुटलं तर पिस्टन. याला ना महागडं यंत्र लागतं ना फार वेळ, फक्त हाच क्रम पाळावा लागतो. तरीही नळीची पाळी बहुधा शेवटी येते, कारण बाहेरून ती धडधाकट दिसते.

जाळीच्या नळीत जाळी बाहेर असते आणि आत असतो पीटीएफई, म्हणजे तव्यांवर असतो तोच टेफ्लॉन. त्याच्या शोधाची गोष्ट मला फार आवडते. १९३८ साली ड्यूपॉन्टमध्ये रॉय प्लंकेट शीतकरणाच्या वायूंवर काम करत होता. एका सिलिंडरमधून वायू येईना, पण वजन केलं तर सिलिंडर भरलेला. वायू गेला कुठे हे पाहायला त्यांनी तो कापला, आणि आत पांढरी, मेणचट भुकटी निघाली. सहसा कशालाही दाद न देणारा हा पदार्थ. ब्रेक ऑइलने तो फुगत नाही की कुजत नाही. पण एकट्या पीटीएफईची नळी दाबाखाली टिकणार नाही, म्हणून बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या तारेची घट्ट वीण. वीण त्याला फुगू देत नाही, तो ऑइलला बाहेर येऊ देत नाही.

या जोडीचे स्वतःचे नखरे आहेत. रबर कसंही वळतं; ही नळी फार तीव्र वळवली की आतला पीटीएफई मोडतो, आणि मोडलेला भाग पुन्हा सरळ केला तरी कायमचा कमजोर राहतो. पीळ तिला अजिबात चालत नाही. दोन्ही टोकांच्या बांजोचे, म्हणजे ज्यातून पोकळ बोल्ट जातो त्या कड्यांचे, कोन ठरलेले असतात, त्यामुळे चुकीच्या कोनाचं टोक घेतलं तर बोल्ट आवळताना अख्खी नळी पिळली जाते. उघडी जाळी तर करवतच. शॉकअपच्या प्रत्येक हालचालीबरोबर ती वायरवर, फेअरिंगवर, रंगावर घासत राहते आणि एक दिवस आरपार जाते. म्हणून प्लॅस्टिकचं आवरण असलेलीच घ्यावी. उघडी जाळी दिसायला देखणी असते हे कबूल, पण तिच्या शेजारून हेडलाइटच्या वायरी गेलेल्या असतात.

लांबी हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बरेच जण जुनी नळी टेबलावर सरळ पसरून मोजतात. मोजायची ती गाडीवर, ज्या वाटेने ती जाणार त्या वाटेने, एक जाड दोरी धरून. पुढचं चाक उचलून शॉकअप पूर्ण लांब होऊ द्यायचा, हँडल एकदा डावीकडे टोकाला, एकदा उजवीकडे टोकाला न्यायचं, आणि दोरी कुठेही ताणता कामा नये. उंच हँडल बसवणाऱ्यांची नळी इथेच अपुरी पडते; उभी गाडी ठीक दिसते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यानंतर शॉकअप पूर्ण उघडला की नळी बोल्टला ओढते. जास्त लांबही नको. शॉकअप दबल्यावर सुटलेला वळसा चाकाकडे झुकतो, आणि चाकाला नळीचं कौतुक नसतं.

बोल्टबद्दल थोडक्यात. प्रत्येक जोडाला बांजोच्या दोन्ही बाजूंना एकेक, असे दोन वायसर. एकाच बोल्टवर दोन नळ्या असतील तर तीन. तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे हे वायसर मुद्दाम मऊ असतात, आवळल्यावर दबून फट भरतात, म्हणून दर वेळी नवे. बोल्ट १० मिलिमीटरचा दिसला म्हणून भागत नाही. काही गाड्यांवर आटे १.२५ पिचचे (दोन आट्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये) असतात, काहींवर १.० चे. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे आनंदाने जातो आणि मग जड होतो. तिथे जोर केला की ॲल्युमिनियमच्या मास्टर सिलिंडरचे आटे गेलेच. आवळायचं किती ते मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क पान्याने.

आणि आता हवा. या कामातला खरा वेळ नळी बसवण्यात जातच नाही. तो जातो हवा काढण्यात. मघाचाच हिशेब पुढे चालवू. नळीत कुठेतरी अर्धा मिलिलिटर हवा राहिली, दहा थेंबांएवढी. ४० पट दाबाखाली ती जवळजवळ नाहीशी होते, आणि तिची जागा भरायला वरचा पिस्टन चार मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे लिव्हर दोन सेंटिमीटर. दहा थेंब हवेने लिव्हरचा अर्धाअधिक प्रवास खाल्ला. जगातली सगळ्यात ताठ नळी आणून बसवा, हे दहा थेंब तिच्यावर पाणी फिरवतात.

रीत सगळ्यांना माहीत असते: निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवायचं, लिव्हर दाबून धरायची, निपल उघडायचं, बंद करायचं, मगच लिव्हर सोडायची. वरच्या टाकीतलं ऑइल तळाला जाऊ द्यायचं नाही. पण कोरड्या नव्या नळीत हे तासन्‌तास चालतं, कारण आपण ऑइल खाली ढकलतोय आणि हवा वर जायला बघतेय. म्हणून मी सिरिंजने खालून, निपलमधून, ऑइल हळूहळू वर चढवतो. हवेला जिकडे जायचंय तिकडेच तिला जाऊ द्यायचं, आणि टाकी भरून ऑइल सांडू नये म्हणून वर एक डोळा ठेवायचा. पेट्रोलच्या टाकीवर ओलं जाड फडकं हवंच; हे ऑइल रंग सोलून काढतं, आणि सांडलंच तर पुसत बसण्यापेक्षा भरपूर पाण्याने धुतलेलं बरं.

एवढं करूनही लिव्हर मऊ लागते. लागणारच. शेवटची हवा हट्टी असते आणि ती बहुतेक वेळा वरच असते, मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी, जिथे नळी किंचित वर चढून मग खाली वळते. खालचं निपल कितीही वेळा उघडा, ती तिथून हलत नाही. हँडल असं वळवायचं की मास्टर सिलिंडर सगळ्यात उंच येईल, आणि लिव्हर पूर्ण न दाबता फक्त पहिले दोन-तीन मिलिमीटर हळूहळू हलवत राहायचं. टाकीच्या तळाच्या त्या बारीक छिद्रातून एकेक बुडबुडा वर येऊ लागतो. हे बघत बसण्यात मला विलक्षण सुख मिळतं, घरच्यांना ते कळत नाही. मध्येच कॅलिपरला आणि नळीला पान्याच्या मुठीने टिचक्या मारायच्या, चिकटलेले बुडबुडे सुटतात.

लिव्हर रात्रभर बांधून ठेवायचा उपाय अनेक जण करतात आणि तो बऱ्याचदा लागू पडतो. लिव्हर दाबलेली असताना टाकीकडचं छिद्र बंद असतं, म्हणजे रात्री हवा बाहेर जात नसते. दाबाखाली आकसलेले बुडबुडे भिंतीपासून सुटून वर गोळा होतात आणि सकाळी लिव्हर सोडल्यावर निघून जातात. मात्र सकाळी लिव्हर ताठ लागली म्हणून लगेच निघू नये. लिव्हर मोकळी करून पुन्हा पाच-सहा वेळा दाबायची, थोडं थांबायचं, परत दाबायची. दाबत राहिल्यावर ताठ आणि थांबल्यावर मऊ होत असेल, तर हवा अजून आत आहे.

ऑइल कोणतं? मॅन्युअल सांगेल ते, सीलबंद डब्यातलं. ब्रेक ऑइलच्या प्रतींपैकी डॉट ४ चा उत्कलनबिंदू नव्या अवस्थेत किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तोच किमान १५५ वर येतो. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि रबरी नळीच्या भिंतीतूनसुद्धा ते आत येतं. लांब उतारावर कॅलिपर तापला की पाण्याची वाफ होते, वाफ हवेसारखीच दबते, आणि लिव्हर ग्रिपला जाऊन टेकते. डॉट ५ आणि डॉट ५.१ हे भाऊ नव्हेत, एवढं लक्षात ठेवावं: ५ सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. हे क्रमांक ज्याने कुणी ठरवले त्याला एकदा दुकानात उभं करायला हवं.

एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत नळ्या आधी मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे दाब कमी-जास्त करणाऱ्या डब्यात, जातात आणि तिथून कॅलिपरकडे. काही गाड्यांत त्या डब्यातली हवा काढायला निदानाचं यंत्र जोडावंच लागतं. अशा गाडीचं काम मी घरी करणार नाही. दोन डिस्क असतील तर मास्टर सिलिंडरपासून दोन स्वतंत्र नळ्या न्याव्यात. एक कॅलिपर ते दुसरा कॅलिपर अशी मडगार्डवरून जाणारी नळी नेटकी दिसते, पण तिच्या उंचवट्यावर हवा ठाण मांडून बसते.

काम झाल्यावर लिव्हर पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरायची आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवायचा. पहिली फेरी गर्दीत नको. पहिले काही दिवस मी सगळीकडे गरजेपेक्षा आधी आणि जास्त जोरात थांबत होतो. बोटांना जुन्या फुगवट्याची सवय होती, त्यांनी तो हिशेबात धरलेला होता. ती सवय हळूहळू गेली. थांबायचं अंतर कमी झालं का? कोरड्या रस्त्यावर माझ्या लेखी तरी नाही. टायर तोच आहे. ओल्या रस्त्यावर मी आता पुढचा ब्रेक अधिक धिटाईने वापरतो, पूर्वी मागच्यावर जास्त भिस्त असायची.

त्या मागच्या ब्रेकची नळीही तितकीच जुनी आहे, तीही आता बदलायला घेतोय. सगळ्यांचा आग्रह आहे की जाळीचीच टाक, जोडी होईल. मी कंपनीची साधी रबरी मागवली आहे. ब्रेक लागला की वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं आणि सहज घसरतं. शिवाय पायाला बोटाएवढं बारीक कळत नाही, आणि माझा पाय बुटात असतो. तिथे थोडा मऊपणा मला चालेल.